लाकडाचा फोटो

पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये हल्ली बेडरूमला ‘वुडन फ्लोअरिंग’ लागतंच. दुकानात ओक, वॉलनट, मेपल अशी उंची खानदानं समोर मांडतात. सागाचं नाव काढलंत तर विक्रेता कीव करत बघतो. घरी येतं ते 8 मिलिमीटरचं लॅमिनेट, म्हणजे खाली दाबलेला लाकडाचा भुगा, वर ओकचा छापील फोटो. तरी रंगावरून नवराबायकोत अबोला. गडद वॉलनटवर धुळीचा कणन्‌कण दिसतो, फिकट ओक आजींना आजारी वाटतो. एकदाचं ठरतं, बसतं. मग मावशी फिनेलच्या पाण्यात बुचकळलेलं, न पिळलेलं फडकं फिरवतात. जुलैत सांधे फुगतात. तक्रार केली की विक्रेता म्हणतो, “साहेब, लाकूड आहे, फुगणारच!”