शेलू, दीडपट वेगाने

घरच्या स्टेशनाला, शेलूला, उतरायचं सोडून मी आजवर एकोणीस वेळा नेरळला उतरलो आहे. हा आकडा बायकोकडचा. दुधाचे खाडे लिहायच्या कॅलेंडरवरच ती माझेही खाडे लिहिते. दुधाच्या खाड्याला फुली, माझ्या खाड्याला ‘ने’. एका चौकोनात ‘क’ आहे. त्या दिवशी नेरळही हुकलं आणि मी थेट कर्जतला पोचलो. पण त्या रात्री मी घरी वडे घेऊन आलो होतो, त्यामुळे ‘क’वर तिचा फारसा राग नाही.

दोष तंत्रज्ञानाच्या पॉडकास्टांचा. मशीद बंदरच्या एका पेढीत मी हिशेब लिहितो. पेढीचा रोजमेळ आजही लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहिला जातो आणि शाई सांडली तर वर पांढरी पावडर टाकतात. अशा ठिकाणी दिवस काढून माणूस गाडीत बसला की त्याला भविष्यकाळाची भूक लागते. जाऊन-येऊन चार तास हाताशी असतात. जाताना कानात सांगतात की कृत्रिम बुद्धिमत्ता लवकरच हिशेबनिसांची कामं खाणार. ते ऐकून मी मशीदला उतरतो, वही उघडतो, आणि मागच्या पानावरून तेरा रुपये ऐंशी पैशांचा फरक पुढे ओढतो. हा फरक कुठून आला ते शोधायला एखादी बुद्धिमत्ता आलीच, तर मी स्वतः तिला खुर्ची देईन.

या पॉडकास्टांना वेग वाढवायची सोय असते. सव्वापट, दीडपट, दुप्पट. भाच्याने एकदा सहज दाखवली आणि माझ्या आयुष्यातला संथपणा संपला. दीडपट वेगाने ऐकलं तर दोन तासांच्या प्रवासात तीन तासांचं ज्ञान मिळतं. हिशेबनिसाला याहून मोठं आमिष कुठलं? तेव्हापासून मी सगळं दीडपट ऐकतो. सुरुवातीला अमेरिकन माणसं घाईत जेवल्यासारखी बोलत. महिन्याभरात कान सरावले आणि मग खरी पंचाईत झाली. बाकीचं जग एकपट वेगाने बोलतं, हे माझ्या लक्षात येऊ लागलं.

गाडीत बाई सांगते, ‘पुढील स्टेशन...’ आणि तिथे ती एवढा श्वास घेते की तेवढ्यात मी कॅलिफोर्नियात जाऊन येतो. परत येतो तेव्हा शेलू मागे पडलेलं असतं. सोसायटीच्या सभेत टाकीच्या गळतीवर चर्चा सुरू झाली की माझा अंगठा ‘तीस सेकंद पुढे’चं बटण शोधत हवेत फिरतो. सेक्रेटरींना वाटतं मी हात वर करतोय. अशा तऱ्हेने दोन वर्षांपूर्वी मी खजिनदार झालो.

कर्जतच्या वड्याचं मूळही मला एका पॉडकास्टमुळेच सुचलं. कोणीतरी तावातावाने सांगत होता की वेग म्हणजेच प्रगती. मी तेव्हा कर्जतच्या फलाटावर, हातात वडा घेऊन, परतीच्या गाडीची वाट बघत होतो. बोरघाटात चढण अशी, की 37 मीटर पुढे जावं तेव्हा गाडी 1 मीटर वर चढते. म्हणून पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना ढकलायला कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. इंजिनं लावायची म्हणून गाड्या थांबल्या, गाड्या थांबल्या म्हणून माणसं खाली उतरली, आणि माणसं उतरली म्हणून वडा नावारूपाला आला. घाट सपाट असता तर या वड्याला कोणी विचारलं नसतं. हे त्या कॅलिफोर्नियावाल्याला कळवावं असं फार वाटलं, पण पॉडकास्टमध्ये ऐकणाऱ्याला तोंड नसतं. थोडक्यात, लग्नासारखंच.

तशी ऐकायची सवय आमच्या घराण्यात जुनी आहे. वडील आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकत. टेकाडे भावजी आणि मीनावहिनींचं बोलणं लागलं की लालबागच्या आमच्या चाळीत कोणी मोरीत तांब्यासुद्धा आपटत नसे. दोन-तीन माणसं बसून गप्पा मारतायत आणि आपण नुसतं ऐकायचं, हे आम्ही तेव्हापासून करतो. फक्त त्याला पॉडकास्ट म्हणतात हे माहीत नव्हतं. ते नावही 2004 साली बेन हॅमर्सली नावाच्या इंग्रज पत्रकाराने लेख लिहिता लिहिता सुचवलं; आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’. पुढे 2022 मध्ये आयपॉड बंद झाला, नाव मात्र चालूच आहे. लालबागकराला याचं नवल वाटत नाही. गिरण्या गेल्या, तरी आम्ही गिरणगावचेच.

माझा सर्वांत आवडता कार्यक्रम म्हणजे स्टीव्ह गिब्सन आणि लिओ लापोर्ट यांचा ‘सिक्युरिटी नाऊ’. हे दोन गृहस्थ ऑगस्ट 2005 पासून, दर आठवड्याला, संगणकाची सुरक्षितता या एकाच विषयावर बोलतायत. बहुतेक वेळा दीड-दोन तास. आमच्याकडे एकाच विषयावर वीस वर्षं बोलत राहायचं तर निदान भावकीतला जमिनीचा दावा लागतो. गिब्सननी 999 भागांनंतर थांबायचं ठरवलं होतं. मग मन बदललं, हजारावा भाग झाला, आणि गाडी पुढे चालूच. निवृत्ती जाहीर करून पुन्हा रंगमंचावर येणारी माणसं आपल्याकडेही आहेत, पण ती निदान नाटकात असतात. हे दोघं मला दर आठवड्याला सांगतात की पासवर्ड लांबलचक ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. मला मनापासून पटतं. आमच्या घरातले सगळे पासवर्ड एकच आहेत आणि ते गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेले आहेत.

घरी पोचल्यावर राहिलेला भाग ऐकायचा तर गच्चीवर जावं लागतं. आमच्या इमारतीत फोनची रेंज टाकीजवळ येते आणि तिथून खाली उतरायला नाही म्हणते. एका भागात मी ऐकलंय की खंडाखंडांमधलं इंटरनेट जवळजवळ सगळं समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून चालतं, आणि मुंबईत त्यातल्या अनेक केबली वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. म्हणजे बघा, अमेरिकेतला तो आवाज समुद्र पार करतो, माशांच्या खालून वर्सोव्याला येतो, तिथून ठाणं, कल्याण, वांगणी करत शेलूला पोचतो, आमच्या टाकीपर्यंत चढतो, आणि टाकीपासून पलंगापर्यंतचे शेवटचे पंधरा मीटर तेवढे त्याला झेपत नाहीत. मी त्याला दोष देत नाही. मे महिन्यात संध्याकाळी तो जिना मलाही झेपत नाही.

गच्चीवरून समोर माथेरानचा डोंगर दिसतो. या दिसण्यावर आमच्या भागात बरीच घरं विकली गेली आहेत. जाहिरातीत आम्ही ‘माथेरानच्या कुशीत’ राहतो. नातेवाइकांचा त्यामुळे गोड गैरसमज होतो की शेलूला थंड असणार. मे महिन्यात पाहुणे स्वेटर घेऊन येतात. डोंगराची कूस असते खरी, पण वारा अडवायला. थंडी वर, आम्ही खाली.

या वर्षी आत्या आली. आत्या राहते सेलूला, परभणी जिल्ह्यातल्या. मी शेलूला राहायला आल्यापासून आम्हा दोघांचीही पत्रं एकमेकांच्या गावाशी गल्लत करत आलेली आहेत. देवगिरी एक्स्प्रेसने ती पहाटे कल्याणला उतरली. तिच्यावर छाप पाडावी म्हणून मी खिशातून फोन काढला आणि त्यालाच तोंडी विचारलं, ‘शेलूला जायला किती वेळ लागेल?’ फोनने क्षणभर विचार केला आणि नकाशा काढला. आठ-नऊ तास, घाट चढून, नगर-बीडच्या बाजूने थेट मराठवाडा. आत्याने चष्मा वर करून तो निळा रस्ता शेवटपर्यंत बघितला.

‘हुशार आहे रे तुझा फोन,’ ती म्हणाली. ‘मी उतरले नाही तंवर परत घालवायला निघाला.’

पुढचे चार दिवस आत्या आमच्या हॉलमध्ये पदराने वारा घेत बसून होती. परभणीच्या उन्हात पंचाहत्तर वर्षं काढलेली बाई. तिला उकाड्याचं काय, असं आम्हाला वाटलं होतं. तिने एका वाक्यात निकाल दिला. ‘आमचं ऊन भाजतं. तुमचं उकडतं.’ त्यातच कूलरची मोटर बंद पडली. मी दर आठवड्याला तंत्रज्ञान ऐकतो हे साऱ्या इमारतीला ठाऊक असल्यामुळे घरातलं काहीही बंद पडलं की सगळे माझ्याकडे बघतात. तीन नॅनोमीटरची चिप कशी बनवतात ते मी तुम्हाला सांगू शकतो. कूलर मात्र मी उघडला, पाहिला, आणि होता तसा बंद केला. मग खालच्या किराणा दुकानातला पोरगा आला. त्याने मोटरीत अडकलेलं गवत काढलं, वायर हलवली, कूलर सुरू केला आणि चहासुद्धा न घेता गेला. तो एकही पॉडकास्ट ऐकत नाही. मी विचारलं.

शेवटी ठरलं, आत्याला माथेरानला न्यायचं. तेही छोट्या गाडीने. मी पहाटे नेरळला रांगेत उभा राहून तिकिटं मिळवली. स्टेशनबाहेर डोंगरातल्या बायका पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. आत्याने एक द्रोण घेतला, भाव केला नाही, आणि त्या बाईकडे तिच्या सुनेची, विहिरीच्या पाण्याची आणि बकरीची चौकशी करून आली. मी तोवर दोन बातम्या ऐकून संपवल्या.

आणि गाडी निघाली. निघाली हा शब्द आपला म्हणायला. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही लाइन बांधली आणि 1907 साली ती सुरू झाली. रूळ दोन फूट रुंदीचे. अंतर एकवीस किलोमीटर आणि वेळ अडीच तासांच्याही वर, म्हणजे तासाला आठ किलोमीटर. घाईत असलेला माणूस एवढं चालतो. वळणं अशी, की पहिल्या डब्यातला माणूस शेवटच्या डब्यातल्याला करवंद देऊ शकेल असं वाटावं. चढ सरळ चढता येत नाही म्हणून गाडी डोंगराला वळसे घालत राहते. जुम्मापट्टी आलं, तरी खाली नेरळ दिसतच होतं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा नेरळ दिसलं, दुसऱ्या बाजूने. ज्या स्टेशनावर मी एकोणीस वेळा चुकून उतरलो, ते असं माझ्याकडे पुन्हापुन्हा बघत होतं. वाटेत एकच बोगदा लागतो, इतका छोटा की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. आत्याने पाटी वाचायला सांगितली. मला एकाएकी दरीतली झाडं फार आवडू लागली.

भविष्यकाळ तोवर माझ्या कानात चालू होता. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांवरचा भाग मी मुद्दाम ठेवला होता. आम्ही जिथे निघालो होतो तिथे चालक असलेली गाडीही दस्तुरीच्या पुढे जाऊ देत नाहीत. घोडे, पाय आणि पूर्वी हातरिक्षा. 2022 च्या अखेरीस ई-रिक्षा चाचणीसाठी आल्या, त्याही सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा. आणि कानातला माणूस म्हणत होता की दहा वर्षांत रस्त्यावर कोणी स्टिअरिंगला हात लावणार नाही. मी दीडपट वेगाने मान डोलावत होतो.

वॉटर पाइपला गाडी थांबली. आत्याने माझ्या दंडाला करवंदाच्या चिकाचं बोट टोचलं.

‘मघापासून कानात काय घातलंयस? बहिरा झालास का लेकरा?’

मी एक इअरफोन काढून तिच्या कानात बसवला. चालकाविना गाडी संपून गिब्सन आणि लापोर्ट लागले होते, दीडपट वेगाने. आत्याला इंग्रजी येत नाही. पण ती कीर्तनं ऐकून तयार झालेली बाई आहे. माणूस काय बोलतो यापेक्षा कसा बोलतो ते आधी धरते. मिनिटभर लक्ष देऊन ऐकलं आणि भुवया वर केल्या.

‘यांची गाडी सुटायलीय का?’

‘नाही गं, मी वेग वाढवलाय.’

‘तुझी सुटायलीय का?’

गाडी वॉटर पाइपला उभी होती. इंजिनचा माणूस खाली उतरून कोणाशी तरी बोलत होता. बाहेर एक माकड रेलिंगवर बसून पाय हलवत होतं. सुटण्यासारखं आसपास काही दिसत नव्हतं.

‘हळू कर त्यांना,’ आत्या म्हणाली. ‘म्हातारी माणसं दिसतात. दम लागेल.’

मी दीडपट काढून एकपट केलं. तिने मान हलवली, अजून. मग कधी नव्हे ते खालच्या दिशेला गेलो. अर्धपट. गिब्सन एकदम लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेतलेल्या काकांसारखे बोलू लागले. लापोर्ट हसले, तर ते हसू पुढच्या वळणापर्यंत पुरलं. आत्याला इतकं हसू फुटलं की शेजारच्या बाकावरच्या मुलाने तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एकेक शब्द सावकाश उलगडत येत होता, ‘पा...स...वर्ड’, आणि मला प्रथमच मधल्या जागा ऐकू आल्या. गिब्सन कुठे चहाचा, किंवा कॉफीचा म्हणा, घोट घेतात तेही कळलं.

अमन लॉज यायच्या आधीच आत्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. वायर असलेलाच, त्यामुळे मला उठताही येईना. वारा खरोखरच गार लागू लागला होता. मी वेग तसाच ठेवला. राहिलेल्या वाटेत त्या दोघांचं जेमतेम एक वाक्य पुरं झालं असेल.

माथेरानला गाडी थांबली तशी आत्या जागी झाली, पदर सारखा केला आणि उरलेला द्रोण पिशवीत ठेवला. कानातलं काढून माझ्या हातात देत म्हणाली, ‘मग? सापडला का त्यांचा पासवर्ड?’

‘नाही अजून.’

‘गॅसच्या पुस्तकामागं बघा म्हणावं.’