सुरुंग लावा, विषय संपवा

सकाळच्या विरार फास्टमध्ये जगातले कोणतेही युद्ध वसईची खाडी ओलांडायच्या आत निकालात निघते. युक्रेन असो की गाझा, उपाय एकच: सुरुंग. खिडकीतले आमचे सरसेनापती मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करतात आणि विचारतात, "आपल्या लोकांनी वसईला काय केलं? तट पोखरला, सुरुंग लावला, विषय संपला. यांना का जमत नाही?"

ड्रोन? तो उडता सुरुंग. पाणबुडी? बुडता सुरुंग. निर्बंध? कागदी सुरुंग. परवा कुणीतरी अणुबॉम्बचे नाव काढले. "तेच ते, दारू जरा जास्त," सरसेनापती म्हणाले. चौथ्या सीटवर अर्धे बूड टेकवलेल्या गृहस्थांनी मान डोलावली. त्या बैठकीत मानेखेरीज दुसरे काही हलवताही येत नाही.

आता सुरुंगच काढलात, तर पुरता काढा. वसईची मोहीम 1737 साली सुरू झाली आणि किल्ला पडला 1739च्या मे महिन्यात. दोन वर्षे, सरसेनापती! तुम्हाला तर अंधेरीच्या आत निकाल हवा असतो. तटाखाली पेरलेले सुरुंग सगळे एकदम उडालेच नाहीत, आणि खिंडारातून आत घुसणारे तोफा-बंदुकांच्या तोंडी सापडले. मराठ्यांची हजारो माणसे पडली. ती कुठे असतात हो तुमच्या दाखल्यात? तुमच्याकडे नुसता धुरळा आणि जरीपटका; प्रेत एकही नाही. दुसऱ्याची पोरे मरताहेत आणि तुम्ही इयरफोन काढून स्कोअर विचारल्यासारखे "आज किती गेले?" विचारता, लाज कशी वाटत नाही? बरे, जिंकल्यावर मराठ्यांनी काय केले? पोर्तुगीजांना आठ दिवसांची मुदत दिली आणि हत्यारांसकट, बायकामुलांसकट सन्मानाने जाऊ दिले. हे आज घडले असते, तर नालासोपारा येण्याआधी तुम्ही त्या विजेत्यांनाच फितूर ठरवले असते. आणि ह्याच वसईच्या नावावर 31 डिसेंबर 1802चा तहही आहे. पेशवाईने इंग्रजांची तैनाती फौज गळ्यात बांधून घेतली, तीही एक सुरुंग न उडता. त्या सालाचा दाखला मी ह्या डब्यात कधी ऐकलेला नाही. वसई एकच, पण पास फक्त 1739चा.

सरसेनापतींना रणांगणाचा अनुभव नाही, असे मात्र कुणी म्हणू नये. संध्याकाळच्या परतीच्या विरार गाडीत एखादा बोरिवलीकर चुकून चढला, की ते स्वतः दाराशी मोर्चा बांधतात. मुदत नाही, तह नाही, बायकामुले सोबत असली तरी सवलत नाही. त्याला थेट भाईंदरला उतरवतात.