दाढकाढे

दाढ काढायला वीस मिनिटं पुरतात. त्या दाढेबद्दल बोलून व्हायला किती वेळ लागतो, ते दाढकाढ्यांच्या शेजाऱ्यांना विचारावं. दाढकाढे हे आडनाव नव्हे, अवस्था आहे. ती पुण्याच्या कट्ट्यावर भेटते, डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेली असते आणि लग्नाच्या पंगतीत हमखास आपल्याच शेजारी बसते.

‘‘खालची, डावीकडची, अक्कलदाढ.’’ नाव-गाव नंतर. मग गालात बोट घालून प्रत्यक्ष दर्शन. समोरच्याच्या हातात जिलबी आहे की मठ्ठा, हे बघायची पद्धत नाही.

या सगळ्याचं मूळ पहिल्या दिवसात असतं. कापसाचा बोळा दाबून धरा, चोवीस तास चूळ भरू नका, जोरात थुंकू नका, स्ट्रॉ नको, सिगारेट तर नकोच, असं डॉक्टर बजावतात. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच उघड्या हाडावरचं पांघरूण. ओढून किंवा खळखळून ती निघाली की हाड उघडं. दाढकाढे मान डोलावतात, जिना उतरतात आणि कोपऱ्यावर शहाळं घेऊन स्ट्रॉने ओढतात. ‘नारळपाणी थंड असतं’ हे त्यांचं वैद्यक. घरी पोचेपर्यंत तोंडाला रक्ताची चव येते, म्हणून सहा खणखणीत चुळा. गुठळी बेसिनात.

तिसऱ्या दिवशी ठणका कानापर्यंत चढतो. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दातांच्या बाबतीत हा प्रकार शंभरात 2 ते 5 वेळा होतो, खालच्या अक्कलदाढेला त्याहून बराच जास्त. दाढकाढे यातला पहिला अर्धाच भाग लोकांना सांगतात, आणि तेही बोर्डात आल्याच्या थाटात. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या तेलाची पट्टी भरतात. ठणका उतरतो, पण पुढचे चार दिवस दाढकाढे ज्या खोलीत असतील तिथे मसालेभात शिजतोय असं वाटत राहतं.

दुसऱ्या आठवड्यात जिभेला काहीतरी टोचतं. हिरडीतून पांढरी, तांदळाच्या कणीएवढी चकती वर येते. ती हाडाची कपची असते. बरं होताना अशा कपच्या आपोआप बाहेर पडतात. दाढकाढ्यांच्या मते मात्र दाढ अर्धीच काढलेली असते. कपची काडेपेटीत जपली जाते. पुरावा म्हणून.

गंमत सोडून सांगायचं तर खालच्या दाढेजवळून जाणारी नस दुखावली, तर ओठ आणि हनुवटी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने बधिर राहते. असा माणूस चहा सांडतोय का, हे हाताने चाचपत गप्प बसलेला असतो. त्याला काडेपेटी लागत नाही.

दाढकाढ्यांचा पाडाव एकदाच झाला. कट्ट्यावर वरच्या दाढेवाले एक गृहस्थ आले. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला लागून असतात आणि दाढ निघताना कधीकधी मधे भोक पडतं. गृहस्थांनी शांतपणे पाण्याचा घोट घेतला; पाणी नाकातून आलं. कट्टा उभा राहिला. दाढकाढे त्या दिवशी लवकर घरी गेले.

सहाव्या महिन्यात ते तपासणीला जातात. हिरडी महिन्याभरात मिटलेली असते, आता एक्स-रेत हाडही भरलेलं दिसतं. ‘‘काका, सगळं छान झालंय,’’ डॉक्टरीणबाई म्हणतात आणि काकांचा चेहरा उतरतो. काडेपेटी खिशातच राहते.

‘‘फक्त समोरची वरची दाढ थोडी खाली सरकलीय. खाली टेकायला काही उरलं नाही ना तिला. लक्ष ठेवायला लागेल.’’

दाढकाढे जिन्यातच फोन लावतात. ‘‘अगं, ऐकलंस का? वरचीसुद्धा!’’