बोट आणि लाल डबा

जानेवारी 2022मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया क्रूझवर 66 जण कोरोनाबाधित निघाले, मुरगावला बोट अडकली आणि देशभर बातमी झाली. त्याच महिन्यात एसटीचा संप चालू होता. औंढा-वसमत रस्त्यावरच्या शिरड शहापूरकरांच्या खोळंब्याची बातमी कोण करणार? क्रूझवाल्यांनी हजारो रुपये मोजलेले असतात, असं कुणी म्हणेल. मान्य, पण त्या पैशांत बुफे यावा. ‘कधी निघणार?’ याचं उत्तर फुकटच मिळायला हवं. साथ, वादळ, संप प्रवाशाच्या माथी येणारच. फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहिणं मात्र कुठल्याही व्यवस्थेच्या हातात असतं. तरी चौकशीच्या खिडकीतून ‘येईल की’ एवढंच भविष्य मिळतं. कोणत्या साली, ते विचारायचं नसतं.