चोपन्न टक्के

हातात काहीही नसताना आपणच पुढे आहोत हे आकडेमोडीने सिद्ध करून देणारा पोकरसारखा दुसरा खेळ नाही. म्हणून तो मला आवडतो. एरवी अशी सिद्धता मला घरात कोणी करू देत नाही.

परवाचंच पाहा. माझ्या हातात इस्पिकची नव्वी आणि दश्शी. टेबलावर पहिली तीन पानं उघडली: इस्पिक गुलाम, इस्पिक अठ्ठी आणि चौकट दुर्री. अडाणी माणूस म्हणेल, साधी जोडीसुद्धा नाही, टाक पानं. मी तसा अडाणी नाही. इस्पिकची न दिसलेली पानं नऊ. एक जरी आलं तरी पाचही इस्पिक, म्हणजे फ्लश. राणी किंवा सत्ती आली तर ओळीने पाच. त्यातली इस्पिकची राणी नि सत्ती आधीच मोजलेली, म्हणजे वरची सहा. एकूण पंधरा पानं माझ्या बाजूची. न दिसलेली सत्तेचाळीस, उघडायची अजून दोन. दोहोंपैकी एकात तरी माझं काम होण्याची शक्यता ५४ टक्के. हा हिशेब मी मनातल्या मनात करतो आणि मग, कोणी विचारलं नसलं तरी, मोठ्याने सांगतो.

समोर सांगलीचे मामा होते. त्यांनी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या होत्या.

चिप्स फुकटच्या. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्याचं आम्हाला सोयरसुतक नाही; आम्ही दमडी कधी लावलीच नव्हती. मी साताऱ्यात पलंगावर, मामा सांगलीत झोपाळ्यावर, मध्ये फोन स्पीकरवर. पैशांचा संबंध नसल्यामुळे मामांना भीती नाही. माझी मात्र पंचाईत होते, कारण हरल्यावर निदान पैसे गेल्याचं दुःख तरी करता आलं असतं. इथे जाते ती फक्त अक्कल.

आता, असा न जुळलेला पण जुळायच्या बेतातला हात कसा खेळावा याचं शास्त्र आहे. त्याची निम्मी ताकद पुढच्या पानांत, निम्मी समोरच्याच्या घाबरण्यात. आपणच चढवायचं, तो घाबरून पानं टाकेल तर डाव आपला, नाही टाकली तर आपली पंधरा पानं आहेतच. शास्त्र पक्कं आहे. फक्त समोरचा कधीतरी पानं टाकतो, एवढं ते गृहीत धरतं. मामांचं म्हणणं, "वाटलेली पानं टाकायची कशाला लगा? खेळायला वाटल्यात की!"

शिवाय मामांचा पिंड मेंढीकोटाचा. तिथे दश्शी म्हणजे मेंढी, आणि चारही मेंढ्या गोळा करणं हे जन्माचं सार्थक. पोकरमध्ये एक्का, राजा, राणी, गुलाम हे सगळे दश्शीच्या वर बसतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं आहे. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. हातात मेंढी आली की सगळ्या चिप्स पुढे. नाही आली, तर ती येईल म्हणून सगळ्या चिप्स पुढे.

अशा आक्रमक माणसाचं काय करावं? मी सातारकर असल्यामुळे हा प्रश्न निघाला की मला १६९९ च्या डिसेंबरपर्यंत मागे जावंच लागतं. घरचे या ठिकाणी उठून जातात, वाचकांनी बसावं. त्या महिन्यात औरंगजेब जातीने साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन बसला. तोफा, फौज, खजिना, सगळ्या चिप्स त्याच्याकडे. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू, हातात मोजकी शिबंदी. चार महिने गड हलेना, तेव्हा एप्रिलात मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला तो आतल्या बाजूला. प्रयागजी ढिगाऱ्यात गाडले गेले आणि जिवंत निघाले! दुसरा उडाला तो बाहेरच्या बाजूला. हल्ल्यासाठी खाली दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर तट कोसळला. दोनेक हजार माणसं गेली म्हणतात. आपल्याच खर्चाने, आपल्याच माणसांवर! मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले होते. एप्रिल सरता सरता गड खाली करावा लागला आणि बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. डाव त्याने जिंकला, मान्य. पण पुढची सगळी वर्षं तो एकेक गड असाच घेत राहिला, कित्येक तर किल्लेदारांना पैसे मोजून, आणि त्याची पाठ फिरली की मराठे ते परत घेत राहिले. १७०७ मध्ये तो नगरजवळ संपला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो कुठे? साताऱ्यातच!

तात्पर्य, दम धरून बसलं की आक्रमक माणूस स्वतःच्याच सुरुंगाखाली येतो. हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. विचार करायला ॲप जेवढे सेकंद देतं तेवढ्यात बसवून सांगितलं.

"पण गड गेलाच न्हवं?" मामा म्हणाले. "खेळ आता."

मला राग येतो तो याचा. माणसाने हरवावं, पण आधी ऐकून तरी घ्यावं. दम धरणं काय असतं हे मामांना माहीत नाही, असंही नाही. त्यांची उभी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात गेली. हरिपूरच्या पेवांत हळद पुरून भाव चढायची वाट बघणाऱ्यांचा हिशेब त्यांनी ठेवला. एवढी वाट बघितलेला माणूस तीन पानं उघडताच सगळं पुढे का ढकलतो?

पूर्वी आम्ही चौघं खेळायचो. आई आणि मामा एका बाजूला, मामी आणि मी दुसऱ्या. आईला आता पानं दिसत नाहीत. मामी आजारी पडली तेव्हा सगळे म्हणत होते, वाट बघू. पुढच्या रिपोर्टची, पुढच्या तपासणीची. डॉक्टर टक्के सांगायचे. तेही निम्म्याच्या वर होते. मामा ते टक्के खिशातल्या डायरीत लिहून ठेवायचे, हळदीच्या भावासारखे, तारीख घालून. नंतर डायरी लिहिणं बंद झालं. दोघांत मेंढीकोट होत नाही, म्हणून मी त्यांच्या फोनवर हा खेळ घालून दिला.

तर मी माझ्या सगळ्या चिप्स लावल्या. ५४ टक्के असताना न लावणं हा गणिताचा अपमान झाला असता. चौथं पान आलं चौकट चव्वी. पाचवं किलवर राजा. माझ्या पंधरा पानांपैकी एकही घराबाहेर पडलं नाही.

मामांनी पानं उघडली: बदाम दश्शी, किलवर दश्शी.

"दोन माझ्या, एक तुझी ओढली. तीन मेंढ्या झाल्या की रं!" मामा म्हणाले. "चौथी कुठं गेली?"

"गड्डीतच राहिली, मामा."

"असू दे. आणि ते तुझं चोपन्न टक्के?"

मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. पंधरा पानं, सत्तेचाळीस पानं, दोन संधी. गणित बरोबरच होतं, निकाल तेवढा चुकला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, बहुधा प्रथमच.

"मग ऱ्हायलेले शेहेचाळीस?"

"ते सांगलीत राहतात," मी म्हणालो.

मामा इतके हसले की झोपाळ्याच्या कड्या मला साताऱ्यात ऐकू आल्या. मग म्हणाले, "वाट आता. आणि चिप्स संपल्या असतील तर माझ्यातल्या घे."

तशी सोय त्या ॲपमध्ये नाही. मामांना मी ते अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तरी ते ऐकून घेऊन बाजूला ठेवतील.