चार वाट्या आण म्हटलं तर!

"काय गं, लेक दिसंना आज?"

"मोबाइल घेऊन बसलीय काकू. बाहेर सोडावं तर ऊन असलं, की घोळणा फुटतोय तिचा. जूनमधे पहिलीत जायची, अन् इकडं काहीच नाही. कोपऱ्यावरच्यांनी नातवाला समर क्लासला घातलंय म्हणे?"

"घातलंय ना! चैत्राच्या हळदीकुंकवाला गेले होते मी. पोरानं वन टू हंड्रेड घडाघडा म्हणून दाखवलं. मग आजी म्हणाली, चौघीजणी आल्यात, कैरीच्या डाळीला चार वाट्या आण बाळा. पोरगं फळीपुढं उभंच! शेवटी सात वाट्या घेऊन आलं."

"अगं बाई! मग?"

"मग काय, माय म्हणाली, थकलाय तो."

"हसू नका काकू. माझीचं तरी काय वेगळं असणारे?"

"ते तुझ्यावर आहे. शाळेच्या मेळाव्यात तुला कार्डं दिलीत ना, 'पहिले पाऊल'ची?"

"दिलीत की. ती फ्रिजवर पडलीत."

"तिथं ठेवायला दिली होय? पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या तयारीचं हे अभियान 2022 पासून राज्यभर चाललंय. एक मेळावा सुट्टीच्या आधी, एक शाळा उघडताना. मधल्या दिवसांत गल्लीतल्या आयांनीच लेकरांकडून करून घ्यायचं. अन् काय असतंय त्यात? जोड्या लाव, वस्तू वेगळ्या कर, गोष्ट सांग. आपल्या घरात दुसरं काय चालतंय?"

"तुम्ही अंगणवाडीत होतात, तुम्हाला जमतं."

"अंगणवाडीत कुठं खेळण्यांचा ढीग होता? ट्रेनिंगला सांगायचे, ताराबाई मोडक अन् अनुताई वाघांनी 1945 ला बोर्डीला बालवाडी काढली, तवा दगड, पानं, शिंपले हेच सामान होतं. इथं शिंपले नसले तरी चिंचोके तर पोतंभर आहेत."

"नको माय ते! मागच्या साली जाऊबाईच्या पोरानं नाकात घातला चिंचोका. काढायला दवाखाना गाठावा लागला."

"मग समोर बसून खेळायचं, अन् बारकं लेकरू असंल तर चिंचोके द्यायचेच नाहीत. माझी नात काल ज्वारीच्या कोठीपाशी बसली. चिपटं अन् मापटं दिलं हातात. आधी नुसतं सांडलं. मग एक चिपटं ओतलं, मापट्यात वाकून बघितलं. दुसरं ओतलं, तर मापटं काठोकाठ! तिसरं ओतलं, तर भुईवर. परत पहिल्यापासून. अन् एकदम ओरडली, 'आजी, दोनच मावतात!' मी एक शब्द बोलले नव्हते बघ."

"अन् सांडलेली ज्वारी?"

"तिनंच वेचली. पेन्शिल धरायची तर चिमटीत जोर पाहिजे, तो काय व्हिडिओ बघून येतोय? डाळ निवडू दे, शेंगा सोलू दे. लेकरू हात लावायला आलं, की 'सरक, माझं काम वाढवू नको' म्हणतो आपण. तिथंच घोटाळा होतोय. आपल्याला उरकायचं असतंय, त्याला करून बघायचं असतंय."

"खरंय ओ. परवा कुरडयाचा सोऱ्या मागायली होती, मी हातातून ओढून घेतला."

"उद्या उडदाचे पापड आहेत माझे. सकाळी उन्हाच्या आत पाठवून दे. वाळवण राखायचं, किती झाले मोजायचे, कावळा हाकलायचा. दुपारी आत कोडी घालू, गोष्ट सांगू. पण गोष्ट तिच्याकडूनही ऐकायची, निम्म्यात तोडायची नाही."

"अन् तिनं वाकडेतिकडे लाटले तर?"

"तिचे तीच खाईल. तू मात्र येऊन सरळ करत बसू नको."

"बरं. ते वाट्यांचं कोपऱ्यावरच्या सुनेला सांगू का? बिचारी फीचे पैसे भरून दमली."

"सांग की. वाट्या रोज त्यालाच मांडू दे म्हणावं. पण माझं नाव काढू नको हं, तिची सासू अन् मी एकाच भिशीत आहोत!"