रोम दाखवतो, चला!

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'रोम' छापलेलं असतं. जहाज लागतं चिविटावेकिया बंदराला. तिथून रोम ७० किलोमीटरहून लांब. फ्लॉरेन्सचीही तीच गत, उतरायचं लिव्होर्नोला. व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यातून तर मोठ्या जहाजांना २०२१ पासून बंदीच आहे. माहितीपत्रकाला भूगोलाचं वावडं असतं, दुसरं काय!

बसमधून रोमला पोचेपर्यंत अर्धी सकाळ संपते. गाइडबाई मिटलेली छत्री उंच धरून पुढे, छातीवर नंबरांचे स्टिकर लावलेली मंडळी मागे. कलोसियमसमोर उभं राहून बहुतेकांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे. जहाजाच्या सहलीची बस रखडली तर जहाज थांबतं; दोन पैसे वाचवायला आपलं आपण रेल्वेने गेलात तर ते खुशाल निघून जातं. मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठा.

समुद्रातल्या दिवसाचं वेगळंच. एसटीत खिडकीतून रुमाल टाकावा तसे डेकवरच्या खुर्च्यांवर भल्या पहाटे टॉवेल पडतात. टॉवेलांचे मालक त्या वेळी बुफेच्या रांगेत असतात, हातातल्या एकाच प्लेटमध्ये ऑम्लेट, पॅनकेक, कलिंगड आणि वर पेस्ट्री. फुकट आहे ना! (फुकट कसलं, आधीच मोजलंय.) समुद्राकडे बघायला सवड कुणाला?

आणि हो, बऱ्याच जहाजांवर माणशी रोजची टीप आपोआप बिलात चढत असते. शेवटच्या रात्री हिशेब बघण्याआधी जेवून घ्या.